दारचा कुत्रा : दया की देणे?

आमच्या वऱ्हाडात असे खेडे विरळाच की, जेथे घराच्या ओट्याशी एखादा कुत्रा निजलेला दिसत नाही. अमरावतीकडून अकोल्याकडे जाताना वाटेतील कोणत्याही वस्तीत शिरावे. पहिली हाक माणसाची येत नाही, कुत्र्याची येते. परंतु त्याच वस्तीत "हा कुत्रा कोणाचा?" असे विचारले, तर लोक उत्तर देताना घुटमळतात. चोर आला त्या रात्री जो "आमचा मोत्या" होता, तोच शेजाऱ्याच्या मुलास चावला म्हणजे सकाळी "गावचा कुत्रा" होतो.

ह्या घुटमळण्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. दारच्या कुत्र्यास आपण जी भाकर टाकतो, ती आपली दया आहे, की ते आपल्यावरील देणे आहे? दया असेल, तर मन होईल तेव्हा करावी, न झाल्यास न करावी. परंतु देणे असेल, तर ते वेळेवर फेडले पाहिजे, आणि न फेडणारा देवापुढे ऋणको ठरतो. कोणी म्हणेल, मंडळीच्या वर्तमानपत्रात कुत्र्यास जागा कशाला? आमचे म्हणणे असे की, मनुष्य प्रार्थनेत देवाशी काय बोलतो, हे शेजाऱ्यास ऐकू येत नाही. परंतु ज्याला तक्रार करता येत नाही, त्याच्याशी तो कसा वागतो, हे सर्व गाव रोज पाहत असते.

प्रथम कुत्रा करतो काय, ते पाहू. कपाशी आणि तूर उभी असता, किंवा हरभरा घाट्यावर आला असता, शेतकरी रात्री जागलीस जातो. रानडुकरांचा किंवा रोह्यांचा कळप आला, तर माणसाच्या आधी कुत्र्यास वास लागतो. बकऱ्या राखणाऱ्याचा तो अर्धा गडी असतो. घरी एकटी म्हातारी असली, तर तिची रात्र त्याच्या भुंकण्यावर निर्धास्त जाते. हे काम नव्हे काय? मळणीच्या बैलास खाण्यापासून अडवू नये, अशी आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात आहे, आणि पौलाने करिंथकरांस लिहिताना तीच आज्ञा सुवार्तेच्या सेवकांच्या पोटास लावली. आमचे उपदेशक बंधू वेतनाच्या दिवशी हे वचन सहसा विसरत नाहीत! परंतु त्या वचनाचा पहिला अर्थ जनावराविषयीचाच आहे. जो राबतो, त्याचे त्या राबण्याच्या फळात खाणे असते. तेव्हा राखणदार कुत्र्याची भाकर ही भीक नव्हे, ती मजुरी होय.

येथे एक आक्षेप आम्हांस ऐकू येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या पुष्कळ वाचकांचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहिले. सन १९२७ च्या मार्चच्या २० तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्या तळ्यावर जनावरांस मज्जाव नव्हता, माणसांस होता. त्याच वर्षी आमच्या अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाकरिता परिषद भरली. ज्यांस कुत्र्याहून हलके लेखले गेले, त्यांनाच आता कुत्र्यावर दया करण्याचा उपदेश कशाला, असे कोणी विचारील, तर त्याचा राग आम्ही समजतो.

तथापि विचार करा. चवदार तळ्यावर कुत्रा पाणी पीत होता, हा अन्याय नव्हता. मनुष्यास पिऊ दिले नाही, हा अन्याय होता. तो अन्याय मोडण्याकरिता कोणी कुत्र्यास हाकलून लावले नाही. माणसांनी आपली ओंजळ भरली. आणखी एक गोष्ट स्मरावी. जुन्या गावगाड्यात वेसकर रात्रभर वेशीवर जागत असे, आणि दुसऱ्या दिवशी दारोदार फिरून शिळी भाकर गोळा करीत असे. गाव त्याचे जागणे घेई, आणि त्याच्या मजुरीस भिक्षा म्हणे. मनुष्य आणि कुत्रा यांची तुलना आम्ही कदापि करीत नाही; मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे. तुलना केवळ त्या खोट्या हिशेबाची आहे. काम घ्यावयाचे आणि मोबदल्यास दया म्हणावयाचे, हा हिशेब किती बोचतो, हे ज्यांच्या घराण्यास ठाऊक आहे, त्यांनी तो आपल्या दाराशी दुसऱ्या कोणाही जिवावर चालवू नये. ही शिकवण त्यांस बाहेरून द्यावयाची नाही. ती त्यांच्या आठवणीतच आहे.

दुसरा आक्षेप गरिबीचा. घरातील लेकरांस पुरेसे नाही, तेथे कुत्र्यास कोठून घालावे? प्रभूने कनानी बाईशी बोलताना हाच प्रश्न पुढे ठेवला; मुलांची भाकर कुत्र्यांस टाकणे बरे नाही, असे तो म्हणाला. आणि त्या बाईने उत्तर दिले की, मेजाखाली पडलेला चुरा तरी त्यांस मिळतोच. त्या संवादाचा मुख्य विषय कुत्रे नसून परराष्ट्रीयांचा विश्वास आहे, हे आम्ही जाणतो. परंतु मूळ ग्रीक भाषेत तेथे घरात वावरणाऱ्या लहान कुत्र्याचा शब्द आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्या घरात मुले आधी जेवतात, हे योग्यच. पण कुत्रा त्याच घरातील मेजाखाली आहे. तेथे क्रम आहे, बहिष्कार नाही. म्हणून गरीब घरास आमचा सल्ला हा : पीठ मळतानाच त्याची अर्धी भाकर हिशेबात धरा. इतकेही धरता येत नसेल, तर कुत्रा पाळू नका. न पाळण्यात काही पाप नाही. पाप आहे ते पाळून उपाशी ठेवण्यात.

आता त्या "कोणाचा" ह्या प्रश्नाकडे वळू. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने अवचित कोणास हुंदडले, तर धनी निर्दोष. परंतु बैल मारका आहे, असे धन्यास आधीच सांगितले असून त्याने त्यास बांधून ठेवले नाही, तर झालेल्या मृत्यूचा दोष धन्यावर. ह्या नियमाचे मर्म असे की, जनावराचा लाभ ज्याचा, त्याच्या हानीचा जाबही त्यालाच. चावऱ्या कुत्र्यास हा नियम जसाच्या तसा लागू पडतो. राखण घेताना धनी, आणि चावल्यावर परका, अशी अर्धी मालकी देवाच्या नियमशास्त्रात कोठेही नाही.

ह्या अर्ध्या मालकीचे फळ सर्व देश भोगीत आहे. सन २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात भटके कुत्रे सुमारे १ कोटी ५३ लक्ष मोजले गेले. त्यांचा बंदोबस्त कसा करावा, हा वादही जुना आहे. मुंबईत सरकारने भटके कुत्रे मारणाऱ्यांस इनाम ठेवले होते. इनामाच्या लोभाने पाळलेल्या कुत्र्यांवरही हात पडू लागला, तेव्हा सन १८३२ च्या जून महिन्यात पारशी लोकांनी दुकाने बंद करून मोठा दंगा केला. पुढे सन २००१ मध्ये, आणि नव्याने सन २०२३ मध्ये, केंद्र सरकारने नियम केले की, रस्त्यावरील कुत्रे पकडून त्यांची नसबंदी करावी, लस टोचावी व जेथून नेले तेथेच सोडावे. सन २०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न पुनः आला. न्यायालये आपले काम करोत. परंतु आमच्या ओट्याशी निजलेला कुत्रा कोणाचा, ह्याचे उत्तर दिल्लीहून यावयाचे नाही. ते आम्हीच द्यावयाचे आहे. आज भटके म्हणून मोजलेल्यांपैकी कित्येकांस, किंवा त्यांच्या आयांस, एके काळी कोणीतरी "आमचा" म्हटले होते.

म्हणून कुत्रा पाळण्यापूर्वी घरच्या सर्वांनी एकत्र बसून तीन प्रश्न विचारावेत. कापूस वेचणीच्या दिवसांत सर्व घर शेतात असता, किंवा कामाकरिता परगावी गेले असता, त्यास कोण खाऊ घालील? उन्हाळ्यात त्यास सावली कोठे? वर्षातून एकदा त्यास गुरांच्या दवाखान्यात कोण नेईल? तिन्ही प्रश्नांस नावानिशी उत्तर मिळाले, तरच पिलू घरी आणावे.

निवडीत डौल पाहू नये. शहरांत हल्ली विलायती जातीची पिले हजारो रुपयांस विकली जातात, आणि खेड्यातील तरुणांसही त्यांचा मोह पडतो. सेंट बर्नार्ड जातीचे थोरले केसाळ कुत्रे आल्प्स पर्वताच्या घाटातील ख्रिस्ती मठवासीयांनी पाळले. बर्फात वाट चुकलेल्या प्रवाशांस शोधण्याच्या कामी त्यांनी कीर्ती मिळविली. तो कुत्रा बर्फास शोभतो. अकोल्यास मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेथे त्यास बांधणे म्हणजे शोभेकरिता जिवाचे हाल करणे होय. चपट्या नाकाच्या पग कुत्र्यास तर उन्हात धाप टाकणेही कठीण जाते, आणि कुत्र्यास माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नसल्यामुळे धाप हाच त्याचा मुख्य उपाय असतो. आमचा गावठी कुत्रा आखूड केसांचा, सडपातळ आणि ह्याच हवेत पिढ्यान् पिढ्या वाढलेला आहे. वऱ्हाडच्या घरास त्याहून योग्य कुत्रा नाही.

पिलू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. त्या काळात त्यास दूध तर मिळतेच. शिवाय भावंडांशी खेळताना दात किती जोराने लावावा, हेही ते शिकते. डोळे स्वच्छ, चाल उल्हासाची, आणि पोट नगाऱ्यासारखे फुगलेले नाही, असे पिलू घ्यावे. फुगलेले पोट बहुधा जंतांचे लक्षण असते. तसे पिलू घेतले, तर दवाखान्यातून जंतांचे औषध द्यावे.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहिणे भाग आहे. लोक नर पिलू ठेवतात, आणि मादी पिले पोत्यात घालून गावाबाहेर टाकून येतात. मादी म्हणून टाकून देणे, ही वृत्ती आमच्या समाजात पिलांपुरती थांबलेली नाही, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. मादीही तितकीच चांगली राखण करते. पिले नको असल्यास तिची शस्त्रक्रिया करवावी. गाभण काळ अवघा सुमारे नऊ आठवड्यांचा असल्यामुळे ह्या कामी दिरंगाई चालत नाही. अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तेथे चौकशी करावी.

खाण्याविषयी फार खर्चाची गरज नाही. लहान पिलास दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे, आणि मोठ्यास दोन वेळा ठरल्या वेळी घालावे. ज्वारीची भाकर किंवा ताकात कालविलेल्या कण्या चालतात. परंतु कुत्रा हा मुळात मांस खाणारा प्राणी आहे, म्हणून केवळ भाकरीवर त्याचे अंग धरत नाही. अधूनमधून उकडलेले अंडे, किंवा मीठ-तिखट न घातलेले मांस द्यावे. आमचा झणझणीत रस्सा त्यास घालू नये. त्यातील कांदा व लसूण ही कुत्र्याच्या रक्तास अपायकारक आहेत. द्राक्षे, मनुका व चॉकलेट हीही त्यास विषासमान होत. शिजलेले हाड दातांखाली फुटून त्याच्या कपच्या होतात, आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. तेव्हा जेवणातील हाडे प्रेमाने टाकणे हे प्रेम नव्हे.

पाण्याची गोष्ट तर त्याहून मोठी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात गोड पाण्याचे मोल घरोघरी ठाऊक आहे. त्या पाण्यातून एक मातीचे कुंडे सावलीत भरून ठेवणे हे खरे दान. पण आमच्या हिशेबाने तेही देणेच. दिवसभर आखूड साखळीने बांधून ठेवलेला कुत्रा चिडका व चावरा होतो. कुत्र्यास अवाजवी वेळ बांधून ठेवणे, त्यास अन्न, पाणी किंवा निवारा न देणे, आणि सबळ कारणावाचून त्यास सोडून देणे, हे सन १९६० च्या प्राण्यांविषयीच्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाने गुन्हे ठरविले आहेत. गोचीड व पिसवा अंगावर झाल्यास पशुवैद्यास विचारून औषध लावावे. पिकावर फवारावयाचे विष त्याच्या अंगास चोळू नये. त्याने जीव जातो.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. कुत्रा पिसाळण्याच्या रोगास रेबीज म्हणतात. माणसास त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, म्हणजे मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जगात ह्या रोगाने जी माणसे मरतात, त्यांपैकी शंभरांत नव्याण्णवांस तो कुत्र्यापासून झालेला असतो. सन १८८५ च्या जुलै महिन्यात पाश्चर नामक फ्रेंच शास्त्रज्ञाने नऊ वर्षांच्या एका मुलास प्रथम ह्यावरील लस दिली, आणि तो मुलगा वाचला. आमच्या वडील माणसांस पोटात घ्यावयाची चौदा टोचणी आठवतात, आणि त्या भयाने कित्येक जण अजूनही दवाखाना टाळतात. ती जुनी लस केव्हाच बंद झाली. हल्लीची दंडात देतात, आणि टोचणीही थोडी.

चावा किंवा ओरखडा लागताच जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नये. मांत्रिकाकडे जाऊ नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी, आणि डॉक्टर ज्या ज्या तारखा देतील, त्यांपैकी एकही चुकवू नये. जखम खोल असल्यास रक्तद्रव्याची निराळी लसही जखमेत देतात. आमच्या उपदेशक बंधूंस विनंती की, अशा प्रसंगी घरी जाऊन प्रार्थना अवश्य करावी, परंतु ती दवाखान्याच्या वाटेवर करावी. लस आहे हे ठाऊक असून केवळ प्रार्थना करीत बसणे हा विश्वास नव्हे. ती देवाची परीक्षा पाहणे होय.

आणि येथेच कुत्र्यावरील प्रीती व शेजाऱ्यावरील प्रीती एक होतात. पिलू तीन महिन्यांचे झाले म्हणजे त्यास लस टोचावी, पशुवैद्य सांगतील तेव्हा पुनः द्यावी, आणि पुढे दरवर्षी. जाणते लोक सांगतात की, एखाद्या भागातील शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांस लस दिली, तर रोगाचा फैलाव तुटतो. गोव्यात दरवर्षी सहस्रावधी कुत्र्यांस लस टोचण्याची मोहीम चालली. आणि मागील तीन वर्षांत राज्यात ह्या रोगाची एकही नोंद नाही, असे सन २०२१ च्या जूनमध्ये तेथील मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. जे गोव्यास साधले, ते वऱ्हाडातील एका खेड्यास का साधू नये? मंडळीने वर्षातून एक दिवस ठरवावा, पशुवैद्यास बोलवावे, आणि आपल्या घरांच्याच नव्हे, तर सर्व गावच्या कुत्र्यांची मोजदाद करावी. लस टोचलेला कुत्रा दाराशी ठेवणे हे शेजाऱ्याच्या लेकरास दिलेले अभय होय.

प्राण्यांविषयीची कळकळ ही आमचीच मिरास आहे, असा अभिमान कोणी बाळगू नये. कुत्र्याने भाकर पळविली असता नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आमच्या शेजाऱ्यांच्या लेकरांस ठाऊक आहे. सन १८७६ साली अमरावती जिल्ह्यातच जन्मलेले गाडगेबाबा जत्रांतील पशुहत्येविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिले. मग ज्यांच्या पवित्र शास्त्रात नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो असे शिकविले आहे, ज्यांच्या देवाने निनवेची कीव करताना तेथील गुराढोरांचीही गणती केली, आणि चौथ्या आज्ञेत विसावा देताना जनावरास वगळले नाही, त्यांनी मागे राहावे काय?

प्रिय बंधुभगिनींनो, लूकाच्या शुभवर्तमानातील त्या श्रीमंत मनुष्याने लाजरास मारले असे कोठे लिहिलेले नाही. त्याचा अपराध एवढाच की, जो त्याच्या दाराशी पडला होता, त्याच्याकडे त्याने पाहिले नाही. आमच्या दाराशी जे जे येऊन पडते, त्याविषयी एके दिवशी आम्हांस विचारले जाईल : प्रथम मनुष्याविषयी, आणि मग त्याच्या मागोमाग आलेल्या मुक्या जिवाविषयीही. तेव्हा आजच आपल्या घरात ठरवा. दारचा कुत्रा आमचा असेल, तर त्याची भाकर, त्याचे पाणी, त्याची लस आणि त्याच्या चाव्याचा जाब, ही सर्व आमची. आणि तो आमचा नसेल, तर त्याच्या जागण्यावर निश्चिंत झोपण्याचा अधिकारही आम्हांस नाही. प्रभू आपणां सर्वांस लहान गोष्टींत विश्वासू कारभारी करो.